पिकअपच्या ऑइलचा रिपोर्ट आलाय: सिलिकॉन ३४, डिझेल ४.२ टक्के. घट्ट ऑइल टाकू का?

मालवाहू

मंडळी, जरा लांबण लागेल, पण अर्धी माहिती देऊन सल्ला मागायचा म्हणजे तुमचाही वेळ फुकट.

गाडी डबल कॅब पिकअप. अडीच लिटरचं कॉमन रेल टर्बो डिझेल, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेलं. एकूण १,१२,००० किमी. काम बहुतेक जवळच्या फेऱ्यांचं: माल भरा, कच्च्या रस्त्याने जा, उतरवा, परत या. मधून एखादी लांबची खेप. मॅन्युअलात ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ (युरोपातल्या गाडी उत्पादकांचा ऑइलचा दर्जा) असं छापलंय आणि १०,००० किमीला बदला म्हटलंय. तेच वापरतो.

या वेळी ८,४०० लाच काढलं, कारण डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर दिसलं. मध्ये थेंबभरही टाकलेलं नाही. ऑइल कमी होणारी इंजिनं पुष्कळ पाहिली, वाढणारं हे पहिलंच. म्हणून सॅम्पल लॅबला पाठवलं. आकडे असे (धातूंचे सगळे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग):

लोखंड ४१, क्रोमियम ३, अॅल्युमिनियम १५, तांबं ६, शिसं ३, कथील १ पेक्षा कमी
सिलिकॉन ३४, सोडियम ५, पोटॅशियम २
१०० अंशांना व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १०.४ सेंटिस्टोक (कॅनच्या डेटा शीटवर १२.१)
डिझेल ४.२ टक्के, काजळी ०.५ टक्के, पाणी ०.१ टक्क्याच्या आत, ग्लायकॉल नाही
टीबीएन, म्हणजे आम्ल मारायची उरलेली ताकद, ४.१ (डेटा शीटवर ७.४)

लॅबने सिलिकॉन आणि डिझेल या दोन ओळी पिवळ्या केल्यात आणि खाली 'लक्ष ठेवा' एवढंच लिहिलंय. कशावर आणि कसं, ते नाही.

आता प्रश्न. मेस्त्री म्हणतो, ऑइल पातळ पडतंय, सरळ १५डब्ल्यू-४० सीआय-४ टाका, जुन्या इंजिनाला तेच मानवतं. दुसरं, काही महिन्यांपूर्वी टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदललं तेव्हा सिलिकॉन सीलंट लावलं होतं, मग ३४ सिलिकॉन त्याचंच असेल का? आणि तिसरं, ४१ लोखंड म्हणजे इंजिन उघडायची वेळ आली का?

जुना_पाना

मेस्त्री बरोबर सांगतोय. लाख किमी झाले की क्लिअरन्स वाढतात, ३० चं ऑइल टिकत नाही. १५डब्ल्यू-४० टाका, आवाजही कमी होईल. लॅबचे कागद बघत बसलात तर झोप उडेल, दुसरं काही नाही.

वंगणवाला

मालवाहू, रिपोर्ट चांगला आहे आणि तुम्ही सगळे आकडे दिलेत हे त्याहून चांगलं. लोक एक ओळ देतात, 'लोखंड ४१, काय करू', आणि मग आम्ही अंदाजपंचे बोलत बसतो.

जुना_पानाशी मी ऑइलवरून भांडेनच, पण आधी रिपोर्ट. या कागदावर ऑइलची तक्रार जवळजवळ नाहीच. तुमच्या इंजिनात दोन गोष्टी बाहेरून येतायत, धूळ आणि डिझेल. कोणत्याही नंबरचं ऑइल टाकलंत तरी त्या येतच राहणार.

धुळीचं बघू. सिलिकॉन तीन वाटांनी येतं: हवेतून आलेली माती, सीलंट, आणि ऑइलमध्येच फेस मारायला घातलेलं. शेवटचं फार थोडं असतं, काही पीपीएम. सीलंटचं सिलिकॉन ऑइलमध्ये उतरतं खरं, पण ते एकटं येतं. त्याने काही घासलं जात नाही, त्यामुळे बाकीचे धातू जागच्या जागी राहतात. तुमच्याकडे सिलिकॉनबरोबर अॅल्युमिनियम १५ आहे, लोखंड ४१ आहे, क्रोमियमही ३ दाखवतंय. मातीत सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम दोन्ही असतात, म्हणून धूळ आत गेली की दोघं जोडीनं वाढतात. लोखंड लायनरचं, क्रोमियम रिंगांचं. हवेतून आलेली धूळ आधी तिथेच पोचते, आणि ऑइलमध्ये मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करते. गॅस्केटवर मी तरी खापर फोडणार नाही.

उलट बेअरिंगच्या ओळी बघा. शिसं ३, कथील नाहीच, तांबं ६. शांत आहेत. सोडियम-पोटॅशियमही खाली, म्हणजे कुलंट आत येत नाहीये. हे मुद्दाम सांगतो, कारण गरम इंजिनात कुलंटमधलं ग्लायकॉल जळून जातं आणि टेस्टमध्ये 'नाही' येतं. मागे राहतात ते सोडियम आणि पोटॅशियम. ग्लायकॉलच्या ओळीपेक्षा माझा विश्वास या दोघांवर जास्त.

लोखंड ४१ हा सुटा आकडा आहे, त्याला किलोमीटरने भागा. हजार किमीला ४.९ पडतं. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल. इंजिन उघडायचं नाव काढू नका.

आता डिझेल. डीपीएफ भरला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तो जाळून साफ करतो; यालाच रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी एक्झॉस्ट तापवावा लागतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्यासाठी उशिरा, पिस्टन खाली गेल्यावर, जादा डिझेल मारतात. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागतं, रिंगांवरून खाली उतरतं आणि सम्पमध्ये, म्हणजे ऑइलच्या तळाच्या टाकीत, जातं. काही गाड्यांत यासाठी एक्झॉस्टमध्येच वेगळा इंजेक्टर असतो, त्यांना हा त्रास नाही. जवळच्या फेऱ्यांत रीजनरेशन मध्येच तुटतं, थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, दर वेळी नवं डिझेल खाली. पेट्रोल निदान लांबच्या पल्ल्यात गरम ऑइलमधून उडून जातं; डिझेल जड, ते सहसा तिथेच बसतं. तुमची डिपस्टिक त्यामुळेच वर चढली. आणि पातळी फार चढू देऊ नका. टोकाला गेलं तर ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) इनटेकला जाऊन इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

दुसरी शक्यता एखादा इंजेक्टर गळतोय ही. स्कॅनर लावून सिलिंडरनिहाय करेक्शनचे आकडे (ईसीयू कुठल्या इंजेक्टरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय) बघा. एखादाच बाकीच्यांपासून फार लांब असेल तर संशय तिकडे. रीजनरेशन किती पूर्ण झालीत आणि किती अर्धवट, हेही बरेच स्कॅनर दाखवतात.

तर उद्याचं काम: एअर फिल्टरची पेटी उघडा. फिल्टर बाहेर काढायच्या आधी त्याची रबराची कड सगळीकडे नीट बसलीय का ते बघा. मग फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा पाइप सोडा आणि आत पांढऱ्या कापडाने पुसा. तिथे ब्रीदरचा तेलकट हात असतोच, तो चालेल. पण कापडावर बारीक करकर लागली तर धुळीची वाट सापडली. सगळ्या क्लॅम्पवरून बोट फिरवा, विशेषतः खालच्या बाजूने, जिथे वरून दिसत नाही.

जुना_पाना

धुळीचं मान्य. पण १०.४ म्हणजे पातळच झालं ना? ४० असतं तर पडूनही १३ ला राहिलं असतं. सीआय-४ वर आयुष्य काढलेल्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात.

वंगणवाला

गेल्या असतील, नाही म्हणत नाही. त्यांना डीपीएफ होता का? सगळं तिथे अडतं.

सीआय-४ हा अमेरिकेच्या एपीआय संस्थेचा २००२ चा वर्ग. तेव्हा डीपीएफचा विचार नव्हता, राखेवर मर्यादा नव्हती. डीपीएफ धरून आलं ते २००६ चं सीजे-४ आणि मग २०१६ अखेरीस सीके-४. त्यांत सल्फेटेड अॅश, म्हणजे ऑइल जळून मागे उरणारी राख, १ टक्क्यावर बांधलेली आहे. एसीईए सी३ ला त्याहून कडक, ०.८ टक्के. काजळी रीजनरेशनमध्ये जळते. राख जळत नाही, ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकची ती राख डीपीएफमध्ये कायमची साठते. साठली की जागा कमी, जागा कमी की रीजनरेशन लवकर लवकर, आणि तसं झालं की ऑइलमध्ये आणखी डिझेल. मालवाहूंच्या गाडीला नेमकी तीच खोड लागलीय, आणि त्यावर तुम्ही सीआय-४ सुचवताय.

राहिला पातळपणा. इथे बहुतेकांची गल्लत होते. ३० हा आकडा १०० अंशांच्या व्हिस्कॉसिटीचा वर्ग आहे, ९.३ ते १२.५. म्हणजे १०.४ अजून आपल्या वर्गातच आहे. पण बेअरिंगमध्ये, रिंगांखाली, जिथे ऑइल तापतं आणि चिरडलं जातं, तिथे बघायचा आकडा एचटीएचएस. तो १५० अंशांवर, जोरात घासून मोजतात. साध्या ३० ला तो किमान २.९ लागतो. सी३ ला किमान ३.५. आणि १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७. म्हणजे डब्यावर ३० लिहिलेलं असलं तरी सी३ ऑइल गरम इंजिनात ४० च्या शेजारीच बसतं. गाडी बनवणाऱ्याने '३०' एवढंच न लिहिता 'सी३' का लिहिलं, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. दुकानात ५डब्ल्यू-३० चे शेजारी शेजारी ठेवलेले दोन कॅन एकमेकांपासून बरेच लांबचे असू शकतात. मागची बाजू वाचायची, समोरचा मोठा नंबर नाही. आणि तिथे 'अप्रूव्हड' लिहिलंय की नुसतं 'योग्य' म्हटलंय हेही बघायचं. पहिल्यात गाडीवाल्याने तपासून मंजुरी दिलेली असते, दुसऱ्यात ऑइलवाला स्वतःच सांगत असतो.

४० घातलंत तर रिपोर्ट देखणा होईल हे खरं. डिझेल तेवढंच येईल, धूळ तेवढीच येईल, फक्त व्हिस्कॉसिटीची ओळ हिरवी दिसेल. आणि जवळच्या फेऱ्यांत सतत थंड स्टार्ट असतो, तिथे १५डब्ल्यू वर पोचायला ५डब्ल्यूपेक्षा वेळ घेतं.

काटेकोर

वंगणवाल्यांचं पटतं, पण दोन ठिकाणी मालवाहूंनी लॅबला उलटं विचारावं.

एक, डिझेल ४.२ कशाने मोजलं? गॅस क्रोमॅटोग्राफने असेल तर धरून चाला. पण काही ठिकाणी फ्लॅश पॉइंट किंवा व्हिस्कॉसिटी पडली यावरून अंदाज काढतात. व्हिस्कॉसिटी नुसत्या डिझेलने पडत नाही. मल्टिग्रेड ऑइलमधले पॉलिमर गिअर आणि बेअरिंगमध्ये तुटतात, त्यानेही पडते. तुमच्या १२.१ ते १०.४ मध्ये दोन्हीचा वाटा असणार.

दोन, टीबीएन. डेटा शीटवरचा आकडा सहसा डी२८९६ पद्धतीचा असतो. वापरलेल्या ऑइलला बऱ्याच लॅब डी४७३९ लावतात, आणि ती पद्धत कमी आकडा देते. ७.४ वरून ४.१ अशी घसरण दिसतेय ती खरी तेवढी नसेल. त्याच कॅनमधलं कोरं ऑइल त्याच लॅबला एकदा पाठवा, मग पुढचे सगळे रिपोर्ट त्याच्याशी ताडून बघता येतील. सिलिकॉनचाही मूळ आकडा कळेल, गॅस्केटचा संशय निम्मा तिथेच मिटेल.

सॅम्पल कसं घेतलं होतं?

मालवाहू

ड्रेन प्लग काढला आणि बाटली धरली. गाडी नुकतीच फिरवून आणली होती.

काटेकोर

गरम असताना घेतलंत ते छान. पण पहिली धार सोडून द्यायची. सम्पच्या तळाचा गाळ आणि प्लगभोवतीची माती त्यातच येते, आणि तुमचा प्रश्न धुळीचाच आहे. प्लगची जागा आधी पुसून घ्या, धार मधोमध आली की बाटली धरा, लगेच झाकण. शक्य असेल तर डिपस्टिकच्या नळीतून पिचकारी पंपाने ओढा, दर वेळी तेवढ्याच खोलीवरून.

नवी_डिझेल

मध्येच घुसतोय, माफ करा. माझी पिकअप नवी कोरी, पहिलंच ऑइल, तांबं १४० पीपीएम! शिसं २, कथील नाही. लोखंड ५२. वॉरंटीत दाखवू का?

वंगणवाला

दाखवा हवं तर, पण झोपा निवांत. नव्या इंजिनात ऑइल कूलरच्या तांब्यावर ऑइलची रासायनिक क्रिया होऊन ते उतरत असतं. पृष्ठभागावर थर बसला की आपोआप खाली येतं, त्याला काही ऑइल बदल लागू शकतात. बेअरिंग खरंच जात असतं तर शिसं किंवा कथील सोबत हललं असतं. पहिल्या ऑइलमध्ये लोखंड आणि सिलिकॉनही चढलेलंच असतं, घासून बसण्याचं आणि कारखान्यातल्या सीलंटचं. पहिला रिपोर्ट जपून ठेवा, घाबरायला नाही, पुढच्यांशी ताडायला.

मालवाहू

पेटी उघडली. चार क्लिपांपैकी मागची, फायरवॉलकडची, लागलेलीच नव्हती. नुसती टेकवून ठेवलेली. त्या कोपऱ्यात फिल्टरची रबराची कड आत दुमडलेली. फिल्टर काढला तर पेटीच्या स्वच्छ बाजूला त्याच कोपऱ्यातून निघालेला मातीचा पट्टा, आधी रुंद आणि पाइपाच्या तोंडाशी निमुळता. पाइप पुसला, कापडावर करकर आहे. मागच्या सर्व्हिसला फिल्टर काढून हवा मारून परत बसवला होता असं बिलावर आहे.

स्कॅनरही लावून घेतला. इंजेक्टरची करेक्शन चारही सिलिंडरची जवळजवळ सारखी. रीजनरेशन मात्र पूर्ण झालेल्यांपेक्षा अर्धवट राहिलेली जास्त.

लॅबला फोन केला; डिझेल क्रोमॅटोग्राफनेच मोजलंय. टीबीएनबद्दल काटेकोर म्हणतात तसंच निघालं, पद्धत डी४७३९.

आता फिल्टर नवा घालतोय. ऑइल किती किमीला बदलू? आणि धुण्याचा, तेल लावायचा फिल्टर मिळतोय, तो बरा का?

वंगणवाला

सापडलं म्हणायचं! तो पट्ट्याचा फोटो काढून ठेवा आणि पेटी, पाइप ओल्या कापडाने पूर्ण पुसून घ्या. कोरडी हवा मारलीत तर सगळं टर्बोत जाईल.

फिल्टर कागदाचाच घाला. धुण्याच्या फिल्टरला तेल जास्त लागलं तर ते एअर मास सेन्सरवर बसतं, आणि धूळ अडवायला कागद सरस आहे. हवा मारणं बंद करा. कॉम्प्रेसरच्या झोताने कागदाला बारीक छिद्रं पडतात, डोळ्याला दिसत नाहीत. शिवाय कागदाचा फिल्टर थोडा मळला की आणखी चांगलं गाळतो, त्यामुळे दर पंधरवड्याला उघडून बघायची हौसही नको. पेटी जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा ती क्लिप राहायची शक्यता. धुळीचं काम आहे, तर मुदतीच्या आधी नवा टाका आणि मध्ये हात लावू नका.

ऑइल सी३ च, मॅन्युअलातलं. अंतर आता ५,००० करा आणि तिथे सॅम्पल घ्या. पिवळ्या ओळी गेल्या की हळूहळू वाढवू. रीजनरेशन चालू आहे असं वाटलं (आयडल थोडा वर, पंख्याचा आवाज, तापल्याचा वास) तर गाडी बंद न करता ते संपेपर्यंत चालवत राहा. आठवड्यातून एखादी फेरी लांबची, एका वेगात झाली तर उत्तम. पातळी दर आठवड्याला बघा. खुणेच्या वर गेली तर ५,००० ची वाट न बघता काढा.

आता तो ४.९ चा हिशोब. ५,००० किमीला लोखंड २४-२५ आलं तर काहीही सुधारलेलं नाही, आकडा बराच खाली आलेला दिसला तरी. वीसच्या खाली आलं तर धूळ थांबलीय असं मी मानेन. सिलिकॉन लगेच तळाला जाणार नाही, जुनं थोडं ऑइल गॅलरीत (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांत) आणि कूलरमध्ये उरतंच.

काटेकोर

आणि जुना ऑइल फिल्टर फेकला नसेल तर कापून बघा. लॅबचं यंत्र साधारण पाच-सात मायक्रॉनपर्यंतचे कणच मोजतं, त्याहून मोठे त्याला दिसतच नाहीत. बेअरिंगची कपची निघत असेल तर रिपोर्ट शांत आणि फिल्टरच्या घड्यांत चमचम, असं होऊ शकतं. करवतीने कापू नका, तिचाच भुगा आत पडतो. फिल्टर कापायचं चाक मिळतं. कागद पिळून पांढऱ्या ट्रेवर पसरा, मग चुंबक फिरवा.

मालवाहू

फिल्टर ठेवलाय. कापला की इथेच फोटो टाकतो. तोवर मेस्त्र्याने उघडून ठेवलेला १५डब्ल्यू-४० चा कॅन परत करून येतो.

जुना_पाना

परत कशाला करताय, मला द्या. माझ्या ट्रॅक्टरला डीपीएफ नाही.